रिकामी खेप

कान तपासायला येणारी निम्मी माणसं खोटं बोलतात आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो, हे कानवाल्याचं लाडकं वाक्य होतं. ते तो वाढदिवसाला, लग्नाला, बसच्या रांगेत, कुठेही ऐकवायचा. त्यामुळे त्याला फारशी आमंत्रणं येत नसत, आणि त्याचंही त्याला काही वाटत नसे.

कानवाला म्हणजे हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या पार टोकाला, कान तपासणीच्या खोलीत बसणारा तिशीतला माणूस. त्याच्या हुद्द्याचं खरं नाव इतकं लांबलचक होतं की ते दारावरच्या पाटीत मावलं नाही. रंगाऱ्याने शेवटची तीन अक्षरं चौकटीवर काढली होती. लोकांनी मग आपली सोय बघितली आणि त्याला कानवाला म्हणायला सुरुवात केली.

खोलीत महत्त्वाच्या गोष्टी दोनच, मशीन आणि पेटी. पेटी म्हणजे खोलीच्या आत आणखी एक खोली, लिफ्टपेक्षा थोडी मोठी. भिंतींना आतून करड्या स्पंजचे जाड थर, खाली कार्पेट, आणि बर्फाच्या कारखान्याला शोभेल असं वीतभर जाड दार. ते लागलं की कानांवर हलका दाब यायचा आणि बाहेरचं जग संपायचं. आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि वायरच्या टोकाला एक बटण. एका बाजूला दुहेरी काचेची खिडकी आणि तिच्या बाहेर मशीनपुढे कानवाला. पेशंट आडवा बसायचा. कानवाल्याला त्याचा एक गाल दिसायचा आणि पेशंटला समोरचा स्पंज.

काम सोपं होतं. कानवाला बाहेरून आवाज सोडायचा, पीं. तो ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, की मशीनवर हिरवा दिवा लागायचा. आवाज बारीक बारीक करत न्यायचा आणि दिवा लागेनासा झाला की तिथे खूण करायची. पण माणसाला गप्प बसवत नाही. दोन-चार आवाज झाले की त्याला लय सापडते आणि आता येणार, आलाच, असं वाटून तो आवाज नसतानाच बटण दाबतो. काही जण तर निव्वळ सौजन्य म्हणून दाबतात. त्यांना पकडायला कानवाला मध्येच एक रिकामी खेप द्यायचा. म्हणजे सगळं नेहमीसारखं, वेळही तेवढाच, फक्त आवाज नाही. या खेपेला जो गप्प बसेल त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात कानवाला पेन्सिलीने बारीक ‘ना’ लिहायचा. ना म्हणजे नास्तिक. जो बटण दाबेल त्याच्या कागदावर ‘भा’. भा म्हणजे भाविक. ही वर्गवारी हॉस्पिटलला ठाऊक नव्हती. तेवढीच त्याची करमणूक.

“जे नाही ते ऐकू येणं, यालाच श्रद्धा म्हणतात,” तो मावशींना सांगायचा.

मावशी खोली पुसायच्या, नंबर पुकारायच्या आणि कानवाल्याला सहन करायच्या. गावात जेवढी म्हणून प्रार्थनेची ठिकाणं होती, त्या सगळ्यांत त्यांची ये-जा होती.

“सगळीकडे तोंड दाखवून ठेवायचं,” त्या म्हणायच्या. “ऐनवेळी कोण खरा निघेल सांगता येतं का?”

“आणि कुणीच खरा नाही निघाला तर?”

“मग माझं काय गेलं? तेवढंच चालणं झालं.”

कानवाला मग पुढचा नंबर पुकारायला सांगायचा.

सुरुवात झाली ती एका सोमवारी, सकाळी साडेदहाला, एका निवृत्त बस कंडक्टरपासून. बायकोचं म्हणणं, यांना ऐकू येत नाही. यांचं म्हणणं, मी ऐकत नाही. कानवाल्याने आवाज सोडले, दिवे लागत गेले. मग त्याने रिकामी खेप दिली. दिवा लागला. थोड्या वेळाने दुसरी दिली. दिवा लागला. कानवाल्याने ‘भा’ लिहिलं आणि दार उघडलं.

“मधूनमधून खाकरत होतात ते तुम्हीच ना?” कंडक्टरने विचारलं.

“मी नाही खाकरलो.”

“बोलायच्या आधी घसा साफ करतात तसं. दोनदा.”

“तुमचाच घसा असेल. आत शांत असलं की आपलंच आपल्याला मोठं ऐकू येतं.”

“माझा घसा मला ओळखू येतो हो. बत्तीस वर्षं त्यानेच ओरडलोय.”

पण हे सांगताना कंडक्टर चिडलेला नव्हता. सकाळपासून शोधलेली किल्ली स्वतःच्याच खिशात सापडावी तसा त्याचा चेहरा झाला होता. बायकोचं बोट धरून तो निघून गेला. बायको तीनदा मागे वळून कानवाल्याकडे बघत होती, की याने आत असं केलं तरी काय.

मंगळवारी नऊ पेशंट आले. नऊच्या नऊ जणांनी रिकाम्या खेपेला बटण दाबलं.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, हजेरीत नाव घ्यायच्या आधी श्वास घेतो ना आपण, तसा कुणीतरी घेतला. एक शिंपी म्हणाला, कुणीतरी खुर्ची जवळ ओढली. एका तरुणीला कुणीतरी “हं” म्हटल्याचं ऐकू आलं होतं, तिची आई फोन उचलल्यावर म्हणते तसं. कुणाला शब्द ऐकू आला नव्हता. सगळ्यांना ऐकू आलं होतं ते बोलणं सुरू व्हायच्या आधीचं काहीतरी. आणि सगळेच्या सगळे बाहेर येताना हलके होऊन येत होते. शिंप्याने तर जाताना मावशींच्या साडीवरच्या कोटाचं सुटलेलं बटण लावून दिलं, फुकट.

कानवाला असल्या गोष्टींनी हबकणारा नव्हता. त्याने हेडफोन बदलला, वायरी बदलल्या, शेजारच्या खोलीतला फ्रिज बंद करायला लावला. पेशंटला लय सापडू नये म्हणून तो खेपांमधलं अंतर वेडंवाकडं ठेवू लागला. कधी तीन सेकंद, कधी अठरा, कधी पाच. दिवा लागतच राहिला. एकदा त्याने मशीनला हातच लावला नाही. आता रिकामी खेप, असं नुसतं मनात म्हटलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

दिवा लागला.

त्या दिवशी त्याने चहा प्यायला नाही. मावशींनी तो प्याला.

गुरुवारी एक म्हातारा सुतार आला. करवतीच्या मशीनपाशी तीस वर्षं काढून त्याचे दोन्ही कान पार गेले होते. सुनेला फक्त सर्टिफिकेट हवं होतं. कानवाल्याने मशीन जेवढं मोठ्याने ओरडू शकत होतं तेवढं ओरडायला लावलं. काचेचा काठ झिणझिणला. सुताराचा गाल ढिम्म हलला नाही. दगडाला ऐकू आलं असतं, पण याला नाही. कानवाल्याने सवयीने रिकामी खेप दिली.

सुताराचा अंगठा सावकाश खाली गेला आणि हिरवा दिवा लागला.

दार उघडलं तेव्हा म्हातारा रडत होता, पण अगदी आरामात रडत होता. सुनेने कागदावर लिहून विचारलं, काय झालं? तो मोठ्या, ओबडधोबड आवाजात म्हणाला, “काही नाही गं. होतं कुणीतरी.”

यानंतर रांग वाढली. आधी कंडक्टरच्या ओळखीचे आले, मग सुताराच्या गल्लीतले. कान उत्तम असलेली माणसं कानाची तक्रार घेऊन येऊ लागली. “जरा कमी येतं,” असं ती कुजबुजत सांगायची, आणि कानवाल्याने तितकंच कुजबुजत “काय?” विचारलं की लगेच उत्तर द्यायची. कार्पेट मळतं म्हणून पेटीच्या दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी होती. ती कानवाल्यानेच दोन वर्षांपूर्वी लावली होती आणि आजवर तिला कुणी भीक घातली नव्हती. आता चपला पेटीपाशी सोडाच, कॉरिडॉरच्या तोंडाशी निघू लागल्या. त्यांची ओळ जिन्यापर्यंत गेली. दुसऱ्या मजल्यावर कुणी मोठ्याने बोलेना. प्लास्टरवाले पेशंटसुद्धा कण्हायचं ते हळू कण्हू लागले.

“हे असंच सुरू होतं बघा,” कानवाला मावशींना म्हणाला. “आधी कार्पेट मळतं म्हणून पाटी लागते, आणि शंभर वर्षांनी लोक त्या पाटीसाठी डोकी फोडतात.”

“तुम्ही जरा हळू बोला,” मावशी म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी प्रवचनकार आले. मोठं प्रस्थ. दर आठवड्याला हजार माणसं त्यांचं ऐकायला जमत, आणि वयोमानाने आता त्यांनाच ती माणसं ऐकू येईनाशी झाली होती. ते पेटीत गेले, चार आवाज ऐकले, रिकाम्या खेपेला त्यांनी बटण दाबलं, आणि मग जे आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. हेडफोन भिरकावून दार ढकलत ते बाहेर आले. चेहरा पांढराफटक पडला होता.

“बंद करा हे.”

“काय झालं, महाराज?”

“आत कुणीतरी आहे.”

“तुम्ही तर रोज हेच सांगता ना लोकांना?” कानवाला म्हणाला. त्याच्या तोंडून ते निसटलंच.

प्रवचनकारांनी चपला घालताना भिंतीचा आधार घेतला. “सत्तावीस वर्षं मी त्याच्या वतीने बोलतोय,” ते म्हणाले. “त्याला स्वतःला बोलायचं होतं तर आधी कळवायला नको?”

त्यांनी लेखी तक्रार दिली.

मोठे डॉक्टर, म्हणजे कान-नाक-घसा विभागाचे प्रमुख, दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलायचे. बुधवारचे सगळे त्यांनी कानवाल्यावर खर्च केले.

“शंभरावर माणसं तपासलीत. सगळ्यांची रिकामी खेप फेल. म्हणजे एक तर मशीन बिघडलंय, किंवा तुमचा हात, किंवा तुमचे कान. शुक्रवार दुपारपर्यंत मला असा एक माणूस दाखवा जो शांत असताना शांत बसतो. नाही मिळाला तर पेटी बंद. तुम्ही खाली, केसपेपरच्या खिडकीवर.”

केसपेपरची खिडकी म्हणजे तळमजल्यावर दिवसभर नाव, वय, पत्ता विचारत बसायचं. पण कानवाल्याला ते लागलं नाही. लागले ते ‘तुमचे कान’ हे दोन शब्द. आवाज खरंच असेल, सगळ्या जगाला ऐकू येत असेल, आणि तो ऐकू न येणारा एकटा बहिरा आपणच असू, तर? ज्या माणसाने चार वर्षं दुसऱ्यांच्या कागदांच्या कोपऱ्यांत ‘भा’ आणि ‘ना’ लिहिलं, त्याला हा विचार काही मानवेना.

गुरुवारी मशीन दुरुस्त करणारा आला. त्याने मशीन उघडलं, फुंकर मारली, बंद केलं.

“मशीन ओके आहे.”

“मला तपासा,” कानवाला म्हणाला. “बाहेरून तुम्ही आवाज द्या. मध्ये दोन-तीन रिकाम्या खेपा द्या. कधी ते सांगू नका.”

तो पेटीत बसला. दार लागलं. चार वर्षांत या खुर्चीवर बसायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि बूड टेकल्यावर लक्षात आलं की ती डावीकडे झुकते. पीं. त्याने दाबलं. पीं, आणखी बारीक. दाबलं. झाडाचं पान पडावं इतका बारीक, तोही त्याला आला. कान ठणठणीत होते.

मग शांतता आली.

त्याला कळलं की ही ती खेप. तो ऐकू लागला. आधी रक्त ऐकू आलं, दूरच्या रस्त्यासारखं. मग मानेतल्या मणक्याची कुरकुर. शर्टाची कॉलर. पापणी मिटल्याचा ओला, इवलासा आवाज. त्याच्या पलीकडे काही नव्हतं. तो आणखी पलीकडे गेला. तिथेही काही नव्हतं.

अंगठा बटणावर होता. दाबलं तर कुणाला कळणार होतं? कंडक्टरने दाबलं, बाईंनी दाबलं, ठार बहिऱ्या सुताराने दाबलं. एवढी माणसं काय उगाच दाबतात? आणि दाबलं की संपलं. आपणही त्यांच्यातले. कदाचित दाबल्यावरच ऐकू येत असेल. आधी दाबायचं, मग येतं, असंही असेल.

अंगठ्याला घाम आला.

त्याने दाबलं नाही. ऐकू आलंच नव्हतं, तर दाबणार कसं?

बाहेर आल्यावर मशीनवाला म्हणाला, “तीन रिकाम्या दिल्या. एकदाही नाही दाबलंत. मोठ्या डॉक्टरांना सांगा की, सापडला म्हणून.”

“मी चालणार नाही. मीच दिलेली साक्ष माझ्याच उपयोगाची कशी?”

“बरं, मग मी बसतो,” मशीनवाला हौसेने म्हणाला. तो बसला. रिकाम्या खेपेला दिवा लागला. बाहेर येऊन त्याने आवराआवर केली, “मशीनमध्ये दोष नाही” असं कागदावर लिहून सही केली, आणि जिन्यात उभा राहून आईला फोन लावला. बहुतेक बऱ्याच दिवसांनी लावला असावा, कारण पहिली पाच मिनिटं तोच ‘हो, हो, चुकलं’ म्हणत होता.

कानवाल्याने खूप विचार केला आणि शेवटी बाबांना फोन केला.

बाबा लिफ्ट-तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्टमध्ये उभं राहून उड्या मारल्या आणि त्याचा पगार घेतला. वर काय आहे ते वर जाऊन बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे त्यांचं एकमेव तत्त्व. त्यात सगळे धर्म निकालात निघायचे. आई सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करायची आणि बाबा त्याच खोलीत मोठ्याने पेपर वाचायचे. एकेचाळीस वर्षांत दोघांनी एकमेकांना कधी हळू करायला सांगितलं नव्हतं. संशय घ्यायला कानवाला शिकला तो बाबांकडूनच. म्हणून तर त्यांना बोलवायची धाकधूक होती. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. बाबांनी बटण दाबलं असतं तर दुसरे बाबा कुठून आणायचे?

शुक्रवारी सकाळी बाबा आले. चपलांची ओळ बघून म्हणाले, “जेवण आहे का कुणाचं?”

“बाबा, बसा. पीं असा आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असू दे. आला की दाबायचं, नाही आला तर नाही.”

“तुझी आई म्हणते तू वाळलायस.”

“बाबा, कळलं ना?”

“लिफ्टचं बटण दाबण्यात माझी हयात गेली. मला शिकवू नकोस.” त्यांनी पेटीचं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, चौकटीवर थाप मारली आणि आत गेले.

मोठे डॉक्टर स्वतः कानवाल्याच्या मागे येऊन उभे राहिले. मावशी दाराशी, पदराचं टोक हाताभोवती गुंडाळत.

कानवाल्याने आवाज सोडले. बाबांनी बटण दाबलं. वरच्या पट्टीतले काही आवाज त्यांना आले नाहीत, वयाच्या मानाने ठीक होतं, आणि जे आले नाहीत तिथे त्यांनी प्रामाणिकपणे दाबलं नाही.

मग कानवाल्याने हात मशीनवर ठेवला आणि आवाज सोडला नाही.

काचेतून बाबांचा गाल दिसत होता. तो किंचित वर झाला. भुवई हलली. अंगठा बटणावर होता.

पाच सेकंद. दहा.

बाबांचे ओठ हलल्यासारखे वाटले. सकाळच्या न्याहारीतलं दातात काहीतरी अडकलं असावं.

वीस सेकंद.

दिवा लागला नाही.

कानवाल्याने आणखी एक रिकामी खेप दिली, मग आणखी एक. बाबा पुतळ्यासारखे बसून होते. दिवा विझलेलाच राहिला. त्या विझलेल्या दिव्यासारखी सुंदर गोष्ट कानवाल्याने आजवर पाहिली नव्हती.

“बरं,” मोठे डॉक्टर म्हणाले, आणि गेले. त्यांच्या हिशेबाने हा सत्कार होता.

पेटी वाचली. आणि नवल म्हणजे त्या दुपारपासून सगळंच वाचलं. पुढचा पेशंट रिकाम्या खेपेला गप्प बसला. त्याच्या पुढचाही. तिसऱ्याने दाबलं, पण तो सगळ्यालाच दाबत होता. आठवडाभरात जुना हिशेब परत आला: निम्मे भा, निम्मे ना. “आज नाही का?” असं विचारून काही जण हिरमुसले, पण तेही फार नाही. चपलांची ओळ आखडत आखडत पेटीच्या दारापाशी आली, आणि मग लोक पुन्हा पाटीकडे दुर्लक्ष करून कार्पेट मळवू लागले. कानवाल्याला त्या डागांचा इतका आनंद झाला की त्याने मावशींना ते दोन दिवस पुसू दिले नाहीत.

प्रवचनकारही एकदा येऊन गेले, टोपी खाली ओढून, मागच्या जिन्याने. बसले. काही आलं नाही. बाहेर येऊन त्यांनी कानवाल्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

“बरं झालं,” ते म्हणाले. “आता मला कामाला लागता येईल.”

रविवारी दुपारी कानवाला आईबाबांकडे गेला. ऊन खिडकीतून थेट जमिनीवर पसरलं होतं. आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती आणि बाबा बाल्कनीच्या दाराच्या बिजागरीत तेल सोडत होते. दार उघडलं की केकाटायचं.

“बाबा, एक विचारू? त्या दिवशी आत तुमचे ओठ हलत होते. दातात काय अडकलं होतं?”

“कुठे काय. बोलत होतो.”

“कुणाशी?”

“ते काही त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.”

कानवाला हसला. बाबा चेष्टा करत असले तर शेवटी नाक खाजवत. त्याने वाट पाहिली. बाबांनी नाक खाजवलं नाही.

“पण तुम्ही बटण दाबलं नाहीत!”

“पीं वाजलं तर दाबा म्हणालास. ते काय पीं होतं? चांगला बोलत होता.”

बाबांनी तेलाचा थेंब सोडला आणि दार हलवून पाहिलं. केकाटलं.

“काय... काय म्हणाला?”

“आधी मीच म्हटलं. म्हटलं, हे बघा, तुम्ही आहात यावर माझा विश्वास नाही. तर म्हणाला, चालेल. आता यावर भांडणार काय? मग म्हटलं, लोकांना जमवणं बंद करा, पोराच्या नोकरीवर आलंय. तर म्हणाला, बंदच करतोय, माझं काम झालं.”

“कसलं काम?”

“तुझंच. तू करतोस तसलंच काहीतरी.” बाबांनी बोट पुसलं. “म्हणाला, शंभर-सव्वाशे माणसांना आवाज दिला. सगळ्यांनी दाबलं. मग तू बसलास, तर तुला मुद्दाम रिकामी दिली. एवढ्या जणांनी दाबल्यावर एखादा न ऐकताच दाबतो का, ते बघायचं होतं त्याला.”

 कानवाल्याच्या छातीवरून गेले कित्येक दिवस बसून असलेलं काहीतरी उठून गेलं. इतकं हलकं त्याला बाबांच्या वेळचा विझलेला दिवा बघूनही वाटलं नव्हतं.

“म्हणजे माझे कान चांगले आहेत?”

“उत्तम आहेत म्हणाला. असा माणूस मिळत नाही म्हणाला. बाकीचे सगळे तुझ्या तपासणीसाठी होते म्हणे.”

“हे तुम्हाला खरं वाटतं, बाबा?”

“मला? छे. मी वर जाऊन बघितलंय का? ऐकू आलं ते सांगितलं. विश्वास ही वेगळी गोष्ट आहे.” त्यांनी आणखी एक थेंब सोडला. “हां, आणि ती नुसती रिकामी होती म्हणाला. खरा आवाज अजून द्यायचाय तुला.”

“कधी?”

“विचारलं मी. म्हणाला, आधी सांगितलं तर ती तपासणी कसली.”

बाबांनी दार उघडलं, मिटलं. आता ते अजिबात वाजत नव्हतं. बाबांनी पुन्हा उघडून मिटून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. मग कानवाल्याकडे बघून ते काहीतरी म्हणाले. त्यांचे ओठ हलताना कानवाल्याला स्पष्ट दिसले.

स्वयंपाकघराच्या दारात आईच्या हातून स्टीलची ताटली निसटली. ती फरशीवर पडली, उभी राहिली, गोल गोल फिरली. आई दचकली. बाबा दचकले. खाली रस्त्यावरच्या कुत्र्यानेसुद्धा मान वर करून पाहिलं. ताटली हळूहळू आडवी झाली आणि थांबली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कानवाल्याला तिचा आवाज म्हणून काही आला नाही.

पेटीचं दार लागल्यावर यायचा तसा कानांवर हलका दाब आला, आणि कानवाला खुर्चीत सरळ बसला.